येळवशीला मी विहिरीवर होते

मित्रांनो, विहिरीतलं पाणी मोजणारी मी एक जुनी टेप. एका संशोधन संस्थेच्या लोखंडी कपाटात पडून आहे. अंगावर एका फाटक्या बॅनरची गुंडाळी आहे आणि त्यावर 'शाश्वत विकास' असं लिहिलंय. हसू नका, मला आता हसायचाही कंटाळा येतो.

माझं रूप साधंच. चाकावर गुंडाळलेली आकड्यांची लांब पट्टी आणि टोकाला पितळी गोळा. गोळा पाण्याला टेकला की वर चाकात शिट्टी वाजते. संस्थेला संशोधनासाठी पैसे मिळाले, त्यातून मला घेतलं आणि रामहरी नावाच्या संशोधकाने मला मोटारसायकलवरून माकणीला नेलं. माकणी म्हणजे धरण उशाला अन् कोरड घशाला. चन्नबसप्पांच्या विहिरीवर चार घरांच्या मोटारी होत्या. जो तो पाणी ओढायचा आणि उन्हाळ्यात गुरांना प्यायलाही उरायचं नाही.

चन्नबसप्पांची सून श्रीदेवी मला विहिरीत सोडायची. काम झालं की पदरानं पुसून ठेवायची. आधी लोकांनी टिंगल केली. मग माझ्या शिट्टीवरून मोटारींच्या पाळ्या ठरू लागल्या. कुणी कुरकुर केली की चन्नबसप्पा म्हणायचे, शेजारी खोटं बोलंल, टेप कशाला बोलतीया? त्या उन्हाळ्यात गुरांना पाणी पुरलं. काय सांगू, फार बरं वाटलं होतं मला.

रामहरी म्हणायचा, विहिरीचा स्वभाव एकदोन पावसाळ्यांत कळत नसतो, अजून मोजायला पाहिजे. पण पैसे देणाऱ्यांना घाई होती. पुढचे पैसे देण्याआधी त्यांनी गावाची पाहणी ठरवली. आणि दिवस कोणता धरला? येळवशीचा!

अहो, येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, तिच्यात पूजा, मग भाज्यांची भज्जी अन् ताकाची आंबील. रामहरीनं दिवस बदला म्हणून परोपरीनं विनवलं. कुणी ऐकलं नाही, उलट त्यालाच त्या दिवशी कसल्याशा बैठकीला बोलावून घेतलं. साहेब लोक आले, घरांना कुलपं बघितली आणि परत गेले. अहवालात लिहिलं, 'लोकांचा सहभाग नाही.' आता काय म्हणावं! त्याच वेळी चारी घरं विहिरीवर जमली होती. मला हळदकुंकू लावलं होतं आणि माझी शिट्टी ऐकून पुढच्या पाळ्या ठरत होत्या.

मार्चअखेर प्रकल्प बंद झाला. मी संस्थेची मालमत्ता, म्हणून मला परत मागवलं. श्रीदेवीनं मला पुसलं आणि रामहरीला एवढंच विचारलं, "भाऊ, विहीर हितं, अन् टेप तिकडं जाऊन काय मोजणार?" रामहरीनं मला मोटारसायकलला बांधलं.

इथं येऊन माझ्या शिट्टीचे सेल पाझरले, गोळा हिरवा पडला. आता संस्थेत नवा प्रकल्प आलाय, परंड्याकडचा. त्याला नव्या टेपा आल्या. जुन्या वस्तू नव्या प्रकल्पात चालत नाहीत म्हणे. आणि मला माकणीला देऊन टाकायचा नियम नाही.

काल रामहरी कपाट उघडून उभा होता, तेवढ्यात श्रीदेवीचा फोन आला. तिचा आवाज मी लगेच ओळखला. "भाऊ, पाळ्या मोडल्या. म्या दोरीला दगड बांधून पाणी बघायलेय, पण दगड वाजत न्हाय. लोक म्हणतेत, तू खोटं सांगतीस." रामहरीनं मला हातात घेतलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या असे पैसे देईल, कुणी पाहणीला जाईल. गावाला जायचा दिवस गावालाच विचारा. आणि प्रकल्प संपला म्हणून विहिरीवरचं साधन उचलून आणू नका, विहीर काही मार्चला संपत नाही. मी थकले आता, जास्त बोलवत नाही.

परवा येळवस आहे. श्रीदेवी विहिरीत दगड सोडेल आणि चारी घरं काठावर कान देऊन उभी राहतील.