चतुर्थीतली निर्मनुष्य चाळ

"भोईवाड्यातील मोरजकर चाळ दीर्घकाळ निर्मनुष्य असून तेथे भाडेकरूंचे वास्तव्य आढळत नाही," असे पुनर्विकास समितीच्या अहवालाने जाहीर केले. भाडेकरूच नसले, की नव्या इमारतीत त्यांना घर देण्याचाही प्रश्न उरत नाही. एका विशेषणात चार मजले रिकामे करण्याची किमया शासकीय गद्यालाच साधते.

या विधानाला पुरावा एकच होता : नागपूरचे प्रवासवर्णनकार केतन देवपुजारी यांचा लेख, जो समितीने 'तज्ज्ञ निरीक्षण' म्हणून जोडला होता. देवपुजारी राज्याच्या या राजधानीत आयुष्यात प्रथमच उतरले, ते गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. लालबागच्या गर्दीने त्यांचे पाय तुडवले; त्यांनी तिच्यावर रोमन आखाड्याची उपमा खर्ची घातली. मग ते परळला आले, मोरजकर चाळीत शिरले आणि दारोदार कुलपे पाहून गहिवरले. त्यांनी लिहिले : "येथून एक संस्कृती पाऊल न वाजवता निघून गेली आहे. दोरीवर वस्त्र नाही, चुलीला धूर नाही. पॉम्पेईत निदान राख तरी होती."

सुनावणीत हा उतारा मोठ्याने वाचला गेला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या सुभद्राकाकी परब उठल्या. लग्न होऊन त्या याच चाळीत आल्या होत्या आणि म्हातारपणी रस्त्यावर जाण्याची त्यांची तयारी नव्हती.

"मेल्या, चतुर्थीक आमी चाळीत काय करतलव? गणपती गावाक आणि आमी हय?"

"काकी, मी जे पाहिलं तेच लिहिलं," देवपुजारी म्हणाले.

"कुलूप बघलस ना? रिकाम्या खोलीक कुलूप कोण घालता रे?"

"पण चुलीला धूर..."

"गॅसचो धूर तुज्या नागपुरात येता काय?"

मागच्या बाकांवरचा हशा ओसरेपर्यंत सुनावणीच्या अध्यक्षा शेफाली सामंत थांबल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. चाळकरी कोकणात जाताना किल्ल्या कोपऱ्यावरच्या उत्तमच्या चहाच्या दुकानात ठेवतात, ते परतेपर्यंत त्यांच्या तुळशींना पाणीही तोच घालतो, आणि देवपुजारींनी त्या दिवशी चहा त्याच्याकडेच घेतल्याचे त्यांच्या लेखातच आहे. मग चाळीतली माणसे कुठे गेली, हे त्यांनी उत्तमला विचारले नाही काय?

देवपुजारींनी आधी समितीच्या अधिकाऱ्यांकडे पाहिले. अधिकारी छताच्या पंख्याचा अभ्यास करीत होते. देवपुजारींचे उत्तर कार्यवृत्तातून, एक अक्षरही न बदलता, असे :

"विचारलं. तो म्हणाला, सगळे गणपतीला गावी गेलेत, आठ-दहा दिवसांत येतील. पण मॅडम, आठ-दहा दिवसांत परत येणाऱ्या माणसांवर लिहायचं काय? म्हणून तेवढं मी गाळलं."