मैलाला दोन बोटं

नाथाजी मास्तर कामाला वाघ, पण माणसांच्या बाबतीत उतावीळ. कृष्णाकाठच्या गावात अकरा वर्षं त्यांनी एकट्यानं शाळा ओढली होती. वर्ग सारवण्यापासून निकाल लावण्यापर्यंत सगळं स्वतः. दुसऱ्यावर सोपवलं की काम बिघडतं, असं त्यांचं ठाम मत.

एकोणपन्नास सालच्या दिवाळीनंतर शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांचा हुकूम आला. उंब्रजच्या प्रदर्शनासाठी तीन शाळांनी मिळून कृष्णा-तारळीच्या खोऱ्याचा एकच मातीचा नकाशा करायचा. कृष्णाकाठ नाथाजींनी, डोंगराकडचं तारळीचं खोरं तिथल्या आकाराम मास्तरांनी, आणि दोन नद्यांचा संगम उंब्रजच्या मुलींच्या शाळेतल्या चंद्राबाईंनी. वयानं मोठे म्हणून पुढारपण नाथाजींकडं.

नाथाजींनी एका बैठकीत आराखडा केला आणि दोघांना चिठ्ठ्या धाडल्या. प्रत्येकाची फळी केवढी, माती कुठली, नदीला नीळ, डोंगराला तांबडी काव. माप, मैलाला दोन बोटं.

चौथ्या दिवशी चंद्राबाईंची उलट चिठ्ठी आली. 'बोटं कुणाची धरायची? एका रविवारी तिघं बसू या का?'

नाथाजी उखडले. एवढं सरळ लिहिल्यावर पुन्हा बसायचं कशाला? चिठ्ठीच्या पाठीवर 'लिहिले आहे तसे करावे' असं खरडून त्यांनी ती परत केली. आकाराम मास्तरांकडून तर काहीच आलं नाही. ते नाथाजींनी होकारात धरलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी तिन्ही फळ्या उंब्रजच्या शाळेत शेजारी शेजारी मांडल्या. आकारामांची तारळी उतरत आली ती थेट चंद्राबाईंच्या डोंगरावर आदळली. संगम राहिला वीतभर बाजूला. आकारामांनी आपली जाड बोटं धरली होती, चंद्राबाईंच्या शाळेत पोरींनी आपली.

नाथाजींच्या डोक्यात तिडीक उठली. "एक गोष्ट धड होत न्हाई तुमच्याच्यानं. सरका, मीच करतो नव्यानं." त्यांनी खुरपं उचललं आणि आकारामांच्या फळीकडं वळले.

आकाराम लढाईवर जाऊन आलेला गडी. त्यांनी नाथाजींचं मनगट धरलं. आवाज मात्र चढवला नाही.

"मास्तर, माझ्या पोरांनी चार कोस डोक्यावरनं आणलंय हे. खुरपं लावू नगा."

"मग तुमी चिठ्ठीला उत्तर का दिलं न्हाई?"

"तुमी इचारलं हुतं काय? पलटणीतबी नकाशा आधी समद्यांम्होरं पसरत्यात, मग पाऊल टाकत्यात. आमाला नुसता हुकूम आला."

नाथाजी चंद्राबाईंकडं वळले. त्या ओल्या फडक्यानं हात पुशीत होत्या.

"आवं मास्तर, मी इचारलं हुतं," त्या म्हणाल्या. "तुमचं उत्तर ठेवलंय मी. दाखवू?"

नाथाजींनी खुरपं खाली ठेवलं. जोडायला वेळ नव्हता, माती वाळून कडक झाली होती. शेवटी फळ्या हातभर अंतरानं वेगवेगळ्याच मांडल्या.

दुसऱ्या दिवशी दिपोटीसाहेब आले, तिन्ही फळ्यांपुढं उभे राहिले. "मी एक नकाशा सांगितला होता. हे तीन आहेत. का?"

दोघांची नावं नाथाजींच्या जिभेवर आली होती. समोर तीन शाळांची पोरं रांगेत उभी होती.

"माप ठरवायला आमी एकत्र बसलो न्हाई, साहेब," ते म्हणाले. "मी बसू दिलं न्हाई."

साहेबांनी वहीत दोन ओळी खरडल्या आणि पुढं गेले. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. नाथाजी आठवडाभर स्वतःवर चरफडत राहिले. पोरं पाढे चुकली तरी रागावायचं त्यांना सुचेना.

होळीच्या सुमारास नवा हुकूम आला, तिन्ही शाळांनी मिळून रोपवाटिका करावी. नाथाजींनी कागद पुढं ओढला, अर्धी चिठ्ठी लिहिली आणि फाडली. 'रविवारी आकारामांकडं बसू या' एवढाच निरोप दोघांना धाडला आणि रविवारी चालत ते आकारामांच्या गावी गेले. चंद्राबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

आकारामांनी चहा टाकला, गुरांना पाणी दाखवलं, मग सावकाश येऊन बसले. तासभर असाच गेला. नाथाजींचा पाय अस्वस्थ हलत होता. रोपांचा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात तयार होता, तो ओठावर येई आणि ते गिळून टाकत.

"तुमच्या मनात काय हाय, आकाराम मास्तर?" त्यांनी विचारलं.

आकाराम विचारात पडले. एक काडी उचलून अंगणातल्या मातीत सावकाश रेघ ओढू लागले. नाथाजींनी दात आवळले आणि वाट बघत राहिले.