दुमडलेलं टोक

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. तर धाकटा भाऊ थोरल्याच्या घरी स्टुलावर चढलेला, मेन स्विच पाडलेला, दातांत टेस्टर, आणि आईच्या बाथरूममधल्या गीझरचं खालचं झाकण अर्धं उघडलेलं. दाराशी आई, खांद्यावर टॉवेल. थंडी अशी की नळाखाली हात धरला तर बोटं आपली वाटेनात. आणि ही चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तीन आठवडे त्याच पाण्यानं अंघोळ करतेय!

"तीन आठवडे? आणि फोन आज करतेस?"

"लाल दिवा लागतो रे. मला वाटायचं, तापत असेल. विझतच नाही मेला."

दिवा विझत नाही म्हणजे पाणी तापतच नाही, हे धाकट्याला झोपेतही कळलं असतं. गीझरवरच त्याचं पोट. वडिलांचं विजेच्या कामाचं दुकान होतं, दोघे भाऊ तिथंच शिकले. पुढे थोरला ऑफिसात साहेब झाला, हातातली पक्कड सुटली. धाकट्याची नाही सुटली.

बाहेरून थोरल्याचा आवाज, पेपरातून मान वर न काढता.

"अरे, दहा वर्षं झाली त्याला. संपलं त्याचं आयुष्य. उगाच कशाला जीव काढतोस?"

"टाकी गळत नाही दादा. गळेपर्यंत मेली म्हणायचं नसतं."

"बघ बाबा, तू डॉक्टर."

"आमच्या बाथरूममधला नवा आहे ना, कसा झटकन तापतो!" स्वयंपाकघरातून वहिनी. पण 'आई, तुम्ही इकडेच करा अंघोळ,' एवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

कॉइल गेली असणार, नाहीतर क्षार चढले असणार, असं म्हणत धाकट्यानं मीटर लावला. कॉइल ठणठणीत. थर्मोस्टॅट ठणठणीत. मग मान वाकडी करून त्यानं आत बॅटरी मारली. तर कॉइलची एक वायर सुटी! तुटलेली नाही, जळलेली नाही. स्क्रू सोडवून काढलेली, टोकाला काळी टेप गुंडाळून नीट बाजूला खोचलेली. म्हणून दिवा लागत होता आणि पाणी गार राहत होतं. झाकणात दहा वर्षांची धूळ, आणि टेप कोरी करकरीत.

आणि त्या टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं.

वडिलांची शिस्त ती. "टोक दुमडा रे, पुढच्या माणसाला नखं झिजवायला लागू नयेत." वडील गेल्यावर ही खोड अख्ख्या जगात दोघा भावांनाच. त्यातला एक स्टुलावर उभा होता.

त्याच्या हातातला स्क्रू टणकन फरशीवर पडला. आईनं वाकून तो उचलला, आणि दार हळूच लोटून घेतलं.

"टेप लावलीय ना?"

"तुला माहीत होतं?"

"लाइटचं बिल बघून थोरला कुरकुरला, आणि दुसऱ्या दिवशी हेच स्टूल आणि टेप घेऊन आला. म्हणाला, जळमटं काढतो. जन्मात कधी काढली नाहीत त्यानं."

"मग मला कशाला बोलावलंस?"

आई टॉवेलची घडी घालत राहिली. घातली, मोडली, परत घातली.

"वाटलं, खरंच बिघडला असेल."

धाकट्यानं टेप सोडवायला घेतली. "जोडतो मी. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. जोडलास तर मला कळलंय हे त्याला कळेल. मला इथंच राहायचंय रे."

'माझ्याकडे चल' हे शब्द धाकट्याच्या अगदी ओठांवर आले. त्याची ती एक खोली, त्यात बायको, दोन पोरं, अंथरुणाला खिळलेले सासरे. ओठांवर आले आणि तिथंच राहिले. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला.

"होती तशी बांध. आणि टोक दुमडायला विसरू नकोस, त्याच्या लक्षात येतं."

बाहेर आल्यावर थोरल्यानं पेपर खाली केला.

"काय निघालं?"

"वय झालंय त्याचं."

"मी म्हटलं नव्हतं!"

धाकटा पिशवी उचलून जिना उतरला. वरून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला, मग तांब्याचा. तो तिथंच, चौथ्या पायरीवर उभा.

आता तू सांग. त्या पायरीवर तू असतास, तर काय केलं असतंस?