एक दिवस आधी आणलेला जावई

जावई हा दहावा ग्रह म्हणतात. सासूबाईंचा ग्रह सध्या सरकारी पाहुणचार घेत होता. चोरीचा माल त्यानं स्वतःच्या टेम्पोतून पोचवला, आणि ‘आत काय आहे मला काय ठाऊक’ हे कोर्टात कुणाला पटलं नाही. सासूबाईंनाही नाही.

तरी तुरुंगाची नवी योजना आली तेव्हा हमी दिली ती त्यांनीच. नीट वागणाऱ्या कैद्याला पंधरा दिवस घरी सोडायचं आणि तो वेळेवर परत येईल असा शब्द घरच्या कुणीतरी द्यायचा. एकजण जरी उशिरा आला, तरी त्याच्या बराकीतल्या सगळ्यांची रजा बंद. म्हणजे इतक्या घरांचे शिव्याशाप एकट्या सासूबाईंच्या डोक्यावर.

मग काय, जावयाला त्यांनी आपल्या इस्त्रीच्या दुकानाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तो मुकाट्यानं लोकांच्या शर्टांच्या कॉलरी दाबत राहिला. बाहेर जायच्या दारातच त्या अंथरूण टाकायच्या आणि डोळा लागू द्यायच्या नाहीत.

“आई, तुरुंगातसुद्धा एवढा पहारा नसेल,” लेक म्हणाली.

“तुरुंगानं शब्द दिलेला नाही. मी दिलाय.”

शेवटी तिघं तुरुंगाच्या दारात उभी राहिली. रडून झालं, निरोप घेऊन झाला, आणि दारावरचा शिपाई म्हणाला, “यांना उद्या यायचंय.”

धास्तीपायी सासूबाईंनी सुटकेचा दिवसही रजेत मोजला होता.

“आलोच आहोत तर ठेवून घ्या ना,” त्या म्हणाल्या.

“आज यांची गणती नाही, जेवण नाही. मावशी, आत जायला वशिला लावणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.”

“जेवणाचं काय घेऊन बसलात, डबा मी आणून देते.”

लेकीला हसू आवरेना. जावई तर पोट धरून खालीच बसला. शिपायानं तोंडावर टोपी धरली. पंधरा दिवसांत आपल्या घरात कुणी हसलंच नव्हतं, हे सासूबाईंना तेव्हा जाणवलं आणि फार वाईट वाटलं.

घरी जावं आणि उद्याची बस चुकली तर? त्यांनी समोरच्याच लॉजमध्ये खोली घेतली.

“जावईबापू, तुम्ही दोघं फिरून या. जेवूनच या.”

“आणि मी पळालो तर?”

“पळणारा विचारून पळतो का?”

म्हणाल्या खऱ्या, पण दोघं कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली तशा त्या उठल्याच. चपला घालून त्या जिन्यापर्यंत गेल्या. तिथं कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. सही करून दिलेला शब्द वेगळा आणि मनातून दिलेला वेगळा, असं स्वतःलाच बजावून त्या परत फिरल्या, आणि जरा पाठ टेकावी म्हणून पलंगावर आडव्या झाल्या.

कुणीतरी खांदा हलवत होतं. खोलीभर ऊन आलं होतं. आंघोळ करून, भांग पाडून जावई समोर उभा.

“आई, उठा ना. मला उशीर होईल.”

दारावर कालचाच शिपाई होता. “आणलंत का मावशी जावयांना?”

“मी कसली आणतेय,” विस्कटलेले केस सारखे करत सासूबाई म्हणाल्या, “त्यांनीच मला आणलं.”