पाजलेली होडी

गीताबाईला दीर हा प्राणीच खपत नसे, आणि तिला दीर होता एकच, श्रीपत. तिचा नवरा सोनबा तुडीलला सावित्री नदीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवायचा. माणसांना ऐलतीरावरून पैलतीराला न्यायचा हक्क ग्रामपंचायतीने त्याला दिला होता. सोनबा वारला, आणि त्याला मसणात पोचवून माणसं घरी परतली नाहीत तोच श्रीपतने पंचायतीत जाऊन सांगितलं, "बाईमानसाला तर झेपायची नाय. माझ्या नावावर करा." पंचायतीने ऐकलं नाही; तर चालवायचा हक्क गीताबाईकडेच राहिला. पण ते वाक्य तिच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. दोन वर्षं ती पदर खोचून होडीचं मशीन चालवत होती, आणि श्रीपत समोर दिसला की पाण्यात थुंकत होती.

होडी पंचायतीची, फायबरची. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचं मशीन मागच्या मागे डुलायला लागलं. मशीन ज्या फळीवर बसतं ती फायबरच्या दोन पापुद्र्यांत बंद असते. फळी बाहेरून गुळगुळीत आणि आतून नाचणीच्या आंबिलीसारखी मऊ झाली होती. सरपंच गंगाधरभाऊंनी बैठक बोलावली. ते म्हणाले, "मृगाच्या आत होडी धड झाली पाहिजे. पावसाळ्यात असली होडी मी पाण्यात घालू देणार नाही. झाली नाही, तर श्रीपत स्वतःची होडी आणायला तयार आहे, मग तर चालवायचा हक्क त्याच्याकडे जाईल. आणि दुरुस्ती श्रीपतनेच करायची. माझगावला बोटींच्या कारखान्यात काम केलेला दुसरा कोण आहे आपल्याकडे?"

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, असं अख्खा गाव हसत म्हणाला. गीताबाई हसली नाही. होडी धड झाली की तर तिची, बिघडली की श्रीपतची, आणि हत्यारं श्रीपतच्या हातात. असला न्याय तिने जन्मात ऐकला नव्हता.

श्रीपतने करवतीने आतला पापुद्रा कापला आणि ओंजळभर काळा लगदा तिच्या पायाशी टाकला.

"बघा वयनी. दादाचा कारभार."

"मेलेल्या मानसाला दोष देऊ नको, भावजी. जीभ झडंल."

"दर उन्हाळ्यात होडी पाजलीत ना? काठोकाठ पानी भरून ठेवलात?"

पाजलीच होती. सावित्रीच्या काठावर होडी पाजतातच. उन्हाने लाकडाच्या फटी उघडतात, म्हणून पाण्यात सोडण्याआधी होडीत पाणी भरून ठेवायचं. लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. पाणी उतरलं नाही तर होडी धड. सासऱ्याने हेच केलं, सोनबानेही हेच केलं, आणि होडी फायबरची आली म्हणून काय रीत बदलायची?

"ती लाकडाची होडी," श्रीपत म्हणाला. "हिचा लाकूड आत बंद हाय. एकदा पानी आत गेला की भायेर याला वाट नाय. जागच्या जागी कुजतो."

खरं बोलत होता. पण वैऱ्याच्या तोंडून आलेलं खरं कोण घेतं? गीताबाईला त्यात एवढंच ऐकू आलं, की तुझ्या नवऱ्याला अक्कल नव्हती.

तो काम करी आणि ती समोर दगडावर बसून पहारा देई. त्याने आतलं सगळं खरवडून काढलं, पोकळी उन्हात वाळवली, जाड प्लायवूड कापून घट्ट बसवलं आणि त्यावर रेझीनचा चिकट रस ओतून काचेच्या कापडाचे थर चढवले. वासाने तिचं डोकं दुखे, पण ती हलत नसे. त्याने पाणी मागितलं तर ती नदीकडे बोट दाखवी.

शेवटी फळीची वरची कड तेवढी उघडी राहिली. रेझीन संपलं होतं. "मी महाडला जातो, रेझीन आनि बोल्ट घेऊन सकाळी येतो," तो म्हणाला. "तवर हिला पान्याचा थेंब लावू नका."

बस. एवढं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. थेंब का लावू नको? लावला तर काय दिसेल? काहीतरी फट ठेवलीय मेल्याने, गीताबाईला वाटलं. मृग चार दिवसांवर आला होता. तो एस.टी.त बसला हे पाहून तिने हंडा उचलला आणि हंड्यामागून हंडा होडीत ओतला. होडी काठोकाठ भरली. फळीची उघडी कड पाण्याखाली गेली. दुपार टळली तरी पाणी बोटभरही उतरलं नाही. कुठेही गळती नव्हती. मग तिने होडी उपसली, कोरडी पुसली आणि खूप दिवसांनी पोटभर जेवली.

सकाळी श्रीपतने वरून कोरडी दिसणारी कड बंद केली.

मृगाच्या आदल्या दिवशी सगळा गाव धक्क्यावर जमला. श्रीपतने बोल्टासाठी भोक पाडलं तशी आतून पाण्याची बारीक धार निघाली. त्याने बोल्ट आवळला आणि नव्या कापडाचा पापुद्रा लाकडावरून सुटून वर आला. श्रीपतचा चेहरा उतरला. गर्दीतून कोणी म्हणालं, "केलाच शेवटी घात." दुसऱ्याने त्याला आईवरून शिवी दिली.

"श्रीपत, हे तुझं काम?" गंगाधरभाऊंनी विचारलं.

श्रीपतने भोकातला ओला भुसा बोटांत चुरून पाहिला. मग त्याने मान वर केली. त्याला समजलं होतं.

"वयनी," तो म्हणाला, "सांगा तुमीच."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की तर गेली, आणि तीही याच्या घरात. गीताबाईने पदर डोक्यावर ओढला.

"मी काय सांगू? तुमचा काम तुमाला ठाऊक."

सरपंचांनी तिथल्या तिथे निकाल दिला. लबाडाला तर मिळणार नाही. तर गीताबाईच्याच नावावर राहील, तिने दुसरा कारागीर शोधावा. श्रीपतने हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि तो मुंबईला गेला. जाताना तो कोणाशी भांडला नाही, याचाच तिला राग आला.

दुसरा कारागीर कुठला मिळायला? महाडचा सुतार आला, त्याने फायबरवर बोटं वाजवली आणि हे आपलं काम नव्हे म्हणून निघून गेला. तर तिच्या नावावर, होडी काठावर पालथी, आणि दोन्ही तीरांची माणसं महाडच्या पुलावरून वळसा घालू लागली. वळशाच्या पावलापावलाला श्रीपतच्या नावाने बोटं मोडत.

आषाढात नीला आली. गीताबाईची एकुलती लेक, पैलतीरावर दिलेली, पहिलटकरीण. होडी असती तर दारातून दारात आली असती. ती निम्मी वाट एस.टी.ने आणि निम्मी चिखलातून पोट सांभाळत आली. पाय सुजून टम्म झाले होते. ती ओटीवर टेकली आणि रडत म्हणाली, "त्या काकाचं वाटोळं होईल. हात झडतील त्याचे."

गीताबाई तिच्या पायांवर ऊन पाणी ओतत होती. "शाप नको देऊ गो त्याला," ती म्हणाली.

"का नको? तू तर रोज देतेस."

"त्याचे हात चांगले हायत."

नीला रडायची थांबली. "मंग होडी कुनी बिघडवली?"

गीताबाई रिकामा तांब्या घेऊन उठली आणि दाराजवळच्या हंड्याकडे न बघता चुलीकडे गेली.