इस्त्रीखाली गेलेले डस्टर

मी एक जुने, पोटाकडून करपलेले डस्टर आहे, मित्रांनो. वर लाकूड, खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड थर. सुताराने मला घासून गुळगुळीत केले तेव्हा वाटले होते, आयुष्यभर खडू पुसायचा. पुसलाही. पण माझ्या कोपऱ्यांनी माणसेही फोडली, हे लपवत नाही.

मी एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात होते. दुपारी चादरींचा ढीग उपसून झाला की तिथेच, तापलेल्या यंत्रांच्या मध्ये, नोकरांचा इंग्रजीचा वर्ग भरे. पाहुण्यांशी अदबीने बोलता यावे म्हणून. 'तुम्ही बसणार नाही का?' हे मास्तर आपल्या भाषेत सांगत आणि इंग्रजीत करून मागत. कोणी शब्दाला शब्द जोडून 'यू विल नॉट सिट?' म्हटले की मास्तरांच्या हातून मी हवेत. साहेबाच्या तोंडी 'वोन्ट' आधी येते रे गाढवा, हे त्याला कळेपर्यंत मी कानशिलावर आदळलेले असे.

वर आणखी एक रीत होती. ज्याला लागले त्यानेच मला उचलून मास्तरांच्या हातात द्यायचे आणि 'थँक यू सर' म्हणायचे. भांडीवाल्याचा दात पडला, तरी त्याने रक्त गिळून थँक यू म्हटले. बाकीचे हसले. आपली पाळी टळली की माणसाला हसू येते.

इस्त्रीवाले काका चाळिशी उलटल्यावर, कपड्यांवरच्या चिठ्ठ्या लावता लावता अक्षरे शिकले होते. त्यांची पाठ मला चांगली ओळखीची होती. मार खाऊन ते गुमान मला परत देत, कारण शेजारी त्यांची लेक बसलेली असे. रिसेप्शनवर एक जागा रिकामी होती. मास्तरांनी नाव पुढे केले तरच ती तिला मिळणार, नाहीतर जन्म इथल्याच वाफेत. तुम्ही कशाला येता, मी एकटी येईन, असे ती म्हणे. ते म्हणत, मग माझ्या वाटचे फटकेही तुलाच पडतील, तेवढी तू मास्तरांची लाडकी आहेस.

निवडीच्या दिवशी मास्तरांनी तिला उभे केले. पाहुणा दारात आहे, त्याला चहा विचार. 'वुडन्ट यू' पर्यंत ती बरोबर गेली आणि जीभ अडली. मी सुटले. तिची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरले, दिसेना, तरी ती खाली बसून रीतीप्रमाणे मला चाचपू लागली.

काकांनी मला आधी उचलले. मास्तरांनी हात पुढे केला. काका त्या हाताजवळून निघून गेले, मला इस्त्रीच्या तापलेल्या यंत्रात ठेवले आणि झाकण दाबले. चर्र झाले. मास्तरांनी त्यांची गचांडी धरून दोन ठोसे तोंडावर मारले. नाक फुटले, पण काकांचा हात झाकणावरून हलला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी मास्तरांचे मनगट धरले, पिरगाळत त्या गरम कडेपासून वीतभर अंतरावर आणले आणि अगदी अदबीने विचारले, "वोन्ट यू सिट डाऊन, सर?"

एकही चूक नव्हती. मास्तर बसले.

काकांची नोकरी त्याच दिवशी गेली. जागाही लेकीला मिळाली नाही. भुवईला टाके घालून आल्यावर तिने मला यंत्रातून खरवडून काढले आणि रडत म्हणाली, "बाबा, थोडं थांबायचंत ना. मला येत होतं."

"येत होतं गं," काका म्हणाले. "पण तू ते त्याला उचलून देणार होतीस."

आता मी त्यांच्या घरी, खिडकी आपटू नये म्हणून, तिच्या फटीत असते. नमदा जळाला, फळा पुसता येत नाही. मित्रांनो, आम्हाला खडूसाठी केले आहे, हाडांसाठी नाही. कधी कोणी आम्हाला तुमच्या अंगावर फेकलेच, तर आम्ही पडू तिथे पडू द्या. उचलून परत देऊ नका.