रिकाम्या काचेवरचा किडा

भिंगबाबा यंत्रातून रोग दाखवून चूर्णाने बरा करतो अशी ख्याती होती, त्यामुळे हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याचा नंबर येई तो हात जोडून टेबलाशी जाई, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात डोकावे आणि "अगं आई गं!" म्हणत मागे सरे. त्याच्या रक्तात किडा असे. काळा, वाकडा, मिशा असलेला. आजवर ज्याने पाहिलं त्याच्या रक्तात तो निघालाच होता, आणि यंत्र अचूक असल्याचा याहून मोठा पुरावा लोकांना नको होता.

रांगेत बाई आपल्या ताईच्या मागे उभ्या होत्या. बाई शाळेत विज्ञान शिकवत. ताईला क्षय झाला होता आणि डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती बरी होत आली होती. तेवढ्यात ती इथे आली, किडा पाहून घाबरली, भिंगबाबाचं चूर्ण खाल्लं, त्याने मंत्र म्हटल्यावर पुन्हा पाहिलं तर किडा गायब! त्या दिवसापासून गोळ्या बंद. आता खोकला परत आला होता. बाईंना ताईचा राग येत होता आणि त्या रागाखाली नुसती भीती होती.

"डॉक्टरांनी दाखवला का मला माझा रोग?" ताई म्हणाली. "इथे या डोळ्यांनी पाहिलाय. गेलेलाही पाहिलाय."

भिंगबाबा पांढऱ्या कोटात गरजत होता. "हात जोडूनच बघा! यंत्राला हात लावलात तर अंगातली उष्णता भिंगात उतरते, किडा बिथरतो आणि थेट मेंदूत चढतो. मग मला बोल लावायचा नाही!"

आपल्याला मेंदू आहे याबद्दल सगळ्यांची खात्री असल्याने सगळे हात घट्ट जोडत.

बाईंचा नंबर आला. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरला. बाईंनी डोळा लावला. किडा होता, मिशांसकट. त्यांनी डोळा चोळून पुन्हा पाहिलं. काही झालं तरी रक्त स्वतःचं होतं.

पण शाळेत मुलं पहिल्याच तासाला काहीतरी काळं पाहून "जंतू सापडला!" म्हणून ओरडतात. बाई त्यांना सांगतात, आधी कचरा कुठे आहे ते शोधा. काचपट्टी सरकवा. तो सरकला तर काचपट्टीवरचा. नाही सरकला, तर डोळ्यापाशी असतं ते भिंग फिरवा. त्याच्याबरोबर फिरला तर त्या भिंगातला.

सवयीने बाईंचे जोडलेले हात सुटले. काचपट्टी सरकवली, तर रक्त सरकलं आणि किडा ढिम्म. भिंग फिरवलं, तर किडा गोल फिरला.

"हात काढा! बिथरेल तो!"

"बिथरत नाहीये," बाई म्हणाल्या. "नुसता प्रदक्षिणा घालतोय." त्यांनी काचपट्टी काढून घेतली. "ताई, आता बघ."

"काय बघू? खाली काहीच नाही."

"तेच बघ."

ताईने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. "आहे," ती हळूच म्हणाली. "मिशापण आहेत."

"म्हणजे तो रक्ताशिवायही जगतो?" रांगेतल्या एका आजोबांनी कौतुकाने विचारलं.

बाईंनी वरचं भिंग नळीतून उपसलं आणि उजेडात धरलं. आत एक चिलट चिकटवलेलं होतं.

"मग माझा गेला कसा?" ताईने विचारलं.

"मंत्र म्हणताना याने यंत्रावर रुमाल टाकला होता का?"

"हो की!"

गर्दीत एक शिंपी होता. कोटाचा खिसा हा आपलाच प्रांत असल्यासारखा त्याने भिंगबाबाच्या खिशात हात घातला आणि दुसरं भिंग बाहेर काढलं. ते स्वच्छ होतं; रुमालाखाली हेच बसवलं जात होतं. भिंगबाबाला अचानक बाहेर कुणाला तरी भेटायचं आठवलं, पण शिंप्याने कोट सोडला नाही.

"मला तरी एकदा किडा बघू द्या," आजोबा कुरकुरले. "माझा नंबर आलाच नव्हता."

"सगळेच बघा," बाई म्हणाल्या. "पण नुसतं डोळ्यांनी पाहिलं म्हणून मान डोलवू नका. सरकवून बघा, फिरवून बघा, काढून बघा. खरं असतं ते हात लावल्याने पळत नाही. आणि जो हात लावू देत नाही, त्याच्या शब्दावर औषध सोडू नका."

ताई खोकायला लागली. खोकला लवकर थांबेना.

"मग मला काहीच नाही का गं?" तिने विचारलं.

"जंतू आहेत, ताई. किडा नाही. ते थुंकी तपासून शोधतात. गोळ्या पूर्ण घेतल्या तर मरतात, अर्ध्यावर सोडल्या तर माजतात."

ताईचे डोळे भरले. "डॉक्टर रागावतील."

"रागावू देत. पण तू काहीही विचार, ते उत्तर देतील."

बाईंनी तिचा हात धरला आणि दोघी दवाखान्याच्या वाटेला लागल्या.